हेड्सअप दिला, दिली की दिलं?

सुरंगी (३ मे, रात्री ९:४०)

मंडळी, देवगडकडच्या एका आंबा पॅकिंग शेडचा हिशेब आणि पत्रव्यवहार मी बघते. ऑफिस मुंबईला, शेड इथे, आणि मधल्या निरोप्याचं काम माझ्या गळ्यात. गेल्या आठवड्यात एकाच शब्दाने मला दोनदा तोंडघशी पाडलं, म्हणून हा धागा.

पहिला प्रसंग. सकाळी मुंबईहून मेसेज आला, 'हेड्सअप, आज गाडी दोनच्या सुमारास येऊ शकते.' एरवी आमची गाडी संध्याकाळी सहाला लागते आणि रात्रभर चालून पहाटे वाशीला पोचते. मी तो मेसेज होता तसा शेडवरच्या सुपरवायझरना पुढे ढकलला. त्यांनी बिचाऱ्यांनी बायकांना जेवणाच्या ताटावरून उठवून आणलं आणि दीडपर्यंत दोनशे पेट्या भरून, पट्ट्या मारून दाराशी रचल्या. गाडी आली रात्री आठला. साडेसहा तास माल पत्र्याखाली! एप्रिलअखेरचा देवगडचा पत्रा काय असतो ते इथल्यांना सांगायला नको. वाशीहून तक्रार यायची ती आलीच, वर सुपरवायझर मला म्हणाले, "म्यॅडम, तुम्हीच दिल्यात मां हेड्सअप!"

दुसरा प्रसंग. मी मुंबईच्या साहेबांना इंग्रजीत मेल लिहिली, 'जस्ट अ हेड्सअप, पुढच्या आठवड्यापासून खोक्यांचा दर वाढतोय.' उलट टपाली एका ओळीचं उत्तर आलं, 'तुम्ही मला कळवताय की विचारताय?'

तर हेड्सअप म्हणजे पक्की बातमी की नुसती शक्यता? वरिष्ठांना लिहिताना तो शब्द चालतो का? आणि शेडवर मराठीत काय म्हणायचं? जाता जाता हेही सांगा, हेड्सअप दिला, दिली की दिलं? मी तिन्ही ऐकलंय.

घाटावरचा

'पूर्वसूचना' असा सुटसुटीत शब्द आहे की. धागा संपला.

तिरफळ

घाटावरच्यांना सगळंच लवकर संपवायची घाई. शेडवर फोन करून "आपणास पूर्वसूचना देण्यात येत आहे" म्हणा बघू. समोरचा आंबे सोडून आधी सातबारा शोधायला घरी पळेल.

भरती_ओहोटी

मग 'आगाऊ सूचना'?

माडाखाली

आमच्या घरी आगाऊ सूचना रोज मिळते. चिरंजीव दहावीत आहेत. (हलकेच घ्या.)

डोलकाठी

तीस वर्षं मर्चंट नेव्हीत काढून आता गुहागरला घरी बसलोय, तेव्हा थोडी समुद्राकडची माहिती. जहाजावर 'हेड्स' म्हणजे संडास. शिडाच्या जहाजांच्या जमान्यात खलाशांची ही सोय पार पुढे, नाळेकडे असायची, म्हणजे जहाजाच्या डोक्याकडे. लाटा येऊन जागा आपोआप धुऊन जायची. पुढे शिडं गेली, इंजिनं आली, संडास आत आले, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

तेव्हा कंपनीकडून पहिल्यांदा 'हेड्सअप' अशी सुरुवात असलेली मेल आली, तेव्हा मी प्रामाणिकपणे समजलो की कुठल्यातरी जहाजावर तुंबलंय.

तिरफळ

डोलकाठीकाका, दंडवत घ्या. आता हा शब्द मी कुठल्याच मीटिंगमध्ये सरळ चेहऱ्याने ऐकू शकणार नाही.

शब्दवेडी

व्युत्पत्तीबद्दल थोडं. आधी आली ती आरोळी. वरून काही पडतंय किंवा चेंडू अंगावर येतोय, की 'हेड्स अप!' म्हणून ओरडायचं. माना वर करा, बघा, असा अर्थ. अमेरिकेतल्या बेसबॉलमध्ये सावध, चलाख खेळालाही हे विशेषण लागलं. 'अ हेड्सअप', म्हणजे कुणाला तरी 'द्यायची' वस्तू, हे नाम त्यामानाने बरंच अलीकडचं, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं. तेही आधी अमेरिकेत, मग ऑफिसांतून जगभर.

लढाऊ विमानातला 'हेड-अप डिस्प्ले' हा वेगळा प्राणी. वैमानिकाला मान खाली घालून घड्याळं बघायला लागू नयेत म्हणून समोरच्या काचेवरच आकडे दिसतात. आपल्या तेजस विमानासाठी तो चंदीगडच्या सीएसआयओ या संस्थेने तयार केला. आणि पोकरमध्ये दोघंच खेळाडू उरले की त्यालाही हेड्सअप म्हणतात. सुरंगीताई आणि त्यांचे साहेब यांचं जे झालं ते बहुधा हे शेवटचं.

माडाखाली

मला या आरोळीचं एक कळत नाही. वरून काही पडत असेल तर डोकं वर कशाला करायचं? आमच्याकडे नारळ पाडायला पाडेली येतो. माडावर चढला, कोयता लावला की पहिली हाळी देतो, "बाजूक व्हा रे!" कुणी पोर तोंड वासून वर बघत राहिलं तर तिथूनच शिवी हासडतो. वर बघून नारळ चुकवलेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. ज्यांनी वर बघितलं त्यांच्या कपाळावर खूण आहे. (एक या धाग्यावर प्रतिसाद लिहितोय.)

शब्दवेडी

चेंडू असेल तर बघायलाच हवं ना, झेलायचा असतो. ब्रिटिश गिर्यारोहक दगड सुटला की 'बिलो!' म्हणून ओरडतात, म्हणजे 'खालच्यांनो!' तिथेही काय करायचं ते सांगत नाहीत, कुणी सावध व्हायचं तेवढंच.

पण माडाखाली, तुमच्या नारळात सुरंगीताईंचं उत्तर आहे असं वाटतं. 'हेड्सअप' म्हणणारा फक्त लक्ष मागतो, बघून ठेव म्हणतो. पाडेली लक्ष मागत नाही, तो काम सांगतो, बाजूला हो. मुंबईने पहिलं पाठवलं आणि शेडवर दुसरं पोचलं. "येऊ शकते" हे शब्द त्या मेसेजमध्ये होते, पण सुपरवायझरनी माडावरची हाळी ऐकली आणि माणूस अशी हाळी ऐकून जे करतो तेच केलं.

सुरंगी

शब्दवेडी, अगदी हेच! आणि चूक माझीही आहे. मी मराठीत सांगितलं असतं तर "कदाचित" हा शब्द आपोआप तोंडी आला असता. इंग्रजी मेसेज जसाच्या तसा ढकलला की आपली जबाबदारी संपली असं वाटतं.

नाखवा_७७

माझ्या घरी तीन पिढ्या मासेमारी. इशारा म्हणजे काय यावर आम्ही रात्रभर बोलू शकतो, तेव्हा लांबलं तर आधीच माफी.

बंदरावर वादळाचा बावटा चढतो हे सगळ्यांना माहीत असतं, पण बावट्याला नंबर असतो आणि त्या नंबरातच सगळा अर्थ असतो. एक आणि दोन म्हणजे वादळ लांब आहे, नजर ठेवा. तीन आणि चार म्हणजे तुमच्या बंदराला त्रास होऊ शकतो. पाच ते सात धोका. आठ ते दहा मोठा धोका. अकरा म्हणजे संपर्कच तुटलाय, आता तुमचं तुम्ही बघा. दिवसा खांबावर शंकू आणि नळकांडी चढतात, रात्री तांबडे-पांढरे दिवे. माझे आजोबा शाळेत गेले नव्हते, पण खांबाकडे बघून होडी काढायची की ओढायची ते सांगायचे.

हवामान खात्याचं चक्रीवादळाचं पत्रकही असंच पायरीपायरीने येतं. किनाऱ्याला त्रास व्हायच्या साधारण ७२ तास आधी पहिलं, नुसतं लक्ष ठेवण्याचं. ४८ तास आधी सावधानतेचं. २४ तास आधी खरा इशारा, त्यात वादळ कुठे आणि किती वाजता धडकेल ते येतं. आणि धडकायच्या १२ तास आधी, जमिनीवर आल्यावर पुढे काय होईल त्याचं. एकदा इशारा सुरू झाला की दर तीन तासांनी नवीन पत्रक.

तुमचा हेड्सअप म्हणजे ती ७२ तासांची पायरी. त्या पायरीवर कुणी होड्या ओढत नाही. जाळी सुकवायला बाहेर असतील तर गोळा करतो, डिझेल किती आहे बघतो, खोल समुद्रात कोण आहे त्याची चौकशी करतो. तुमच्या सुपरवायझरनी दोन नंबरच्या बावट्यावर आठ नंबरची कामं केली. त्यांचा दोष नाही, त्यांना नंबर कुणी सांगितलाच नाही.

नोव्हेंबर २००९मध्ये फयान आलं तेव्हा आमच्या बंदरातल्या होड्या बाहेर होत्या. किनारा सोडला की थोड्याच वेळात मोबाइलची रेंज जाते. किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत होतं, ज्यांना कळायला हवं होतं ते पाण्यावर होते. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

शब्दवेडी

नाखवा, नंबराची गोष्ट फार आवडली. आणि शेवटच्या परिच्छेदाला काही म्हणत नाही.

कोयंडा

अवांतर: आता तर फोनच कोकलतो. २०२३मध्ये सरकारने सगळ्यांच्या फोनवर धोक्याच्या मेसेजची चाचणी घेतली होती, आठवतंय? एकदम भोंगा वाजला आणि पडद्यावर मेसेज. आमच्या आजीने फोन उचलून तांदळाच्या डब्यात घातला आणि झाकण लावून वर बसली. चाचणी आहे असं मेसेजमध्ये लिहिलेलं होतं, पण एवढा कोकलणारा भोंगा वाजल्यावर वाचतंय कोण?

तिरफळ

आजीचा प्रतिसाद तांत्रिकदृष्ट्या योग्य आहे. धोका बंदिस्त केला.

वाशिष्ठीकाठ

मी चिपळूणची. नाखवांचं वाचून राहवलं नाही.

२२ जुलै २०२१च्या पहाटे आमच्याकडे फोन आला होता. "पाणी वाढतंय, बघून ठेवा." हेच शब्द. आता चिपळूण बाजारपेठेत पाणी वाढतंय हे पावसाळ्यात नवीन नाही. आम्ही दरवर्षीसारखं केलं, खालच्या फळ्यांवरचा माल वरच्या फळ्यांवर नेला. दुकानातल्या भिंतीवर २००५च्या पुराची खूण आहे, बाबांनी रंगाने काढून ठेवलेली. ती खूण म्हणजे आमची शेवटची पायरी, त्याच्या वर पाणी जात नाही असं घरात ठरलेलं. फळ्या त्या खुणेच्या वर होत्या, म्हणून आम्ही निश्चिंत झोपलो. पाणी त्या खुणेवरून गेलं.

फोन करणाऱ्याने फसवलं नाही, त्याला जेवढं माहीत होतं तेवढं त्याने सांगितलं. पण "बघून ठेवा" ऐकल्यावर माणूस आपल्या आठवणीतल्या सगळ्यात मोठ्या पुराएवढंच बघतो. "पहिल्या मजल्यावर जा" असं कुणी म्हटलं असतं तर वेड्यात काढलं असतं बहुतेक, पण गेलो असतो.

माडाखाली

ताई, वाचून गप्प झालो.

घाटावरचा

मी आधी उगाच टिंगलीच्या सुरात लिहिलं. वाशिष्ठीकाठ, नाखवा, मनापासून लिहिलंत. आता मुद्दा कळला.

मराठाळलेला

सगळं ठीक, पण मुळात हा इंग्रजी शब्द हवाच कशाला? सावरकर १९२४ ते १९३७ रत्नागिरीत स्थानबद्ध होते. भाषाशुद्धीचा आग्रह त्यांनी तिथूनच धरला. 'दिनांक', 'महापौर' हे शब्द लोक हसत हसत वापरायला लागले आणि आज कुणाला ते नवीन वाटतही नाहीत. आपण कोकणातले, आपल्यालाच शब्द सापडत नाही?

तिरफळ

सापडतो की. 'इशारा', 'खबर'. फक्त दोन्ही अरबी आहेत. :)

डोलकाठी

गोदीत आणि जहाजावर आमच्या लोकांच्या तोंडी 'आर्या' असतं. माल खाली सोडायचा असला की "आर्या, आर्या". हा मूळचा पोर्तुगीज 'अर्रियार'. सारंग, टंडेल, खलाशी सगळे तो शब्द आपलाच समजून वापरतात. क्रेनखाली उभं राहून तुम्ही 'अवतरण करा' म्हणालात तर कुणी हलणार नाही, आणि माल डोक्यावर येईल. तेव्हा मग हेड्स अप.

मराठाळलेला

काका, तुमच्याशी वाद घालणं अवघड आहे. पण तरी मराठी पर्याय सांगा, मी आग्रह सोडत नाही.

गजालीबाय

माझी आजी मालवणची. तिचा शब्द होता 'कानार घालून ठेवतंय'. "कानार घालून ठेवतंय हां, नायतर मागीर म्हणशात सांगूक नाय." यात सगळं आलं. बातमी पक्की नाही, तुम्ही आत्ता काही करायला नको, पण उद्या झालं तर मी सांगितलं नव्हतं असं म्हणू नका.

इंग्रजी माणूस डोकं वर करतो, आपलं सगळं कानात. कानावर घालतो, कानोसा घेतो, कान टवकारतो, कानात तेल घालून बसतो. जागरूक राहण्याचं सगळं काम आपण कानाकडे दिलंय.

तिरफळ

आणि कान भरतो, कान फुंकतो, कानपिचक्या देतो, शेवटी कानाला खडा लावतो. सुरंगीताईंचं दोन मेलमध्ये एवढं सगळं झालेलं आहे.

भरती_ओहोटी

'वर्दी' पण आहे ना? "वर्दी देऊन ये."

गजालीबाय

आमच्या वाडीत वर्दी म्हटलं की आधी लोक विचारतात, "कोण गेला?" मयताची वर्दी द्यायला माणूस घरोघर फिरायचा. त्यामुळे गाडी लवकर येणार म्हणून वर्दी दिली तर बायका पेट्या भरायच्याऐवजी पदर डोळ्याला लावतील.

फणसगरा

अवांतरच आहे, पण हेड्सअपचं खरं माहेर गणपतीत आहे. मुंबईचे चाकरमानी जुलैत फोन करतात, "गणपतीक बहुतेक येताव." त्या 'बहुतेक'वर माझी काकू चौदा माणसांचं धरते. तांदूळ दळून आणते, नारळ उतरवून ठेवते, माळ्यावरच्या गाद्या उन्हात घालते. मग एक वर्षी चौदाच्या जागी चार आले. एक वर्षी चौदाच्या जागी बावीस. बावीसच्या वर्षी काकूने उकडीचे मोदक पुरवले कसे ते अजून कुणाला माहीत नाही.

काकूला कुणी सांगितलं की 'बहुतेक' म्हणजे पक्कं नव्हे, तर ती म्हणते, "ताट कमी पडला तर 'बहुतेक' वाढूचा काय?"

माडाखाली

काकूंचं वाक्य शेडच्या भिंतीवर लिहून लावा.

घाटावरचा

आणि कोकण रेल्वेचं पावसाळी वेळापत्रक? तो तर वार्षिक हेड्सअप. पाऊस येणार, गाड्या हळू धावणार, आम्ही आधी सांगितलं होतं.

तिरफळ

फरक एवढाच की हा हेड्सअप कधी खोटा ठरत नाही.

फाइलबंद

धागा भरकटलाय म्हणून साहेबांच्या प्रश्नाकडे येतो. माझी सत्तावीस वर्षं सरकारी आणि नंतर खासगी ऑफिसात गेली.

हेड्सअप हा शब्द बरोबरीच्याला किंवा खालच्याला चालतो. वरच्यालाही चालतो, पण त्याला काही ठरवायचं नसेल तेव्हाच. 'उद्या लाइट जाणार आहे' हा साहेबांना हेड्सअप चालेल. 'दर वाढतोय' हा चालणार नाही, कारण त्यात पैसे आहेत. पैशाबद्दल हेड्सअप आला की वरच्याला वाटतं, यांनी परस्पर ठरवून टाकलं आणि मला नुसतं कळवताहेत. साहेबांचा प्रश्न खडूस आहे, पण चुकीचा नाही.

मी असतो तर असं लिहिलं असतं: 'खोक्यांचा दर पुढच्या आठवड्यापासून वाढत असल्याचं पुरवठादाराने कळवलं आहे. त्याआधी जुन्या दराने माल उचलायचा का, ते कृपया कळवावे.' संपलं. 'जस्ट' हा शब्द तर मुळीच नको. 'जस्ट' म्हणून जे येतं त्याच्यामागे नेहमी काहीतरी मोठं असतं, हे प्रत्येक साहेबाला माहीत असतं.

बंगळुरी_मालवणी

फाइलबंद, तुमचा काळ वेगळा. आमच्या ऑफिसात कंपनीच्या मालकालासुद्धा हेड्सअप देतात, उलट नाही दिला तर ओरडा बसतो. 'मला आधी का नाही सांगितलं' हेच सगळ्यात मोठं पाप. शब्दात काही नाही, साहेब कसा आहे त्यावर आहे.

फाइलबंद

असेल. पण तुमच्या मालकाने जुन्या दराची खोकी वापरलेली नाहीत.

बंगळुरी_मालवणी

:) मान्य. आणि लिंगाचं काय झालं? आम्ही 'हेड्सअप दिला' म्हणतो.

शब्दवेडी

उसन्या शब्दाला मराठी आपल्या ओळखीच्या शब्दाचं लिंग देते. इशारा तो, म्हणून अलर्ट तो. सूचना ती, म्हणून नोटीस ती. हेड्सअप ऐकताना तुमच्या मनात 'इशारा' असेल तर तुम्ही 'दिला' म्हणाल, 'सूचना' असेल तर 'दिली'. काहीच नसेल तर 'दिलं'. 'ईमेल'चं अजून तरी कुठे ठरलंय? तो, ती आणि ते, तिन्ही सुखाने नांदतायत.

सुपरवायझरनी मात्र कमाल केली. "तुम्हीच दिल्यात मां." क्रियापद बाईंकडे वळवलं आणि हेड्सअपचं लिंग शिताफीने टाळलं.

वाशिष्ठीकाठ

मी 'दिली' म्हणते. धोक्याची गोष्ट म्हटलं की मला घंटाच आठवते, आणि घंटा ती.

नाखवा_७७

माझ्यासाठी तो. बावटा तो, म्हणून.

मराठाळलेला

म्हणजे तुम्ही सगळ्यांनी तो शब्द दत्तक घेतला आणि आता नामकरण चाललंय. मी एकटा सोहेर, म्हणजे जन्माचं सुतक, पाळतो.

सुरंगी (६ मे, दुपारी १२:१५)

सगळ्यांचे आभार. एवढे प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं, वाशिष्ठीकाठ आणि नाखवांचे तर वाचून बराच वेळ पुढे काही सुचलं नाही.

आधी साहेबांचं. फाइलबंद यांचं वाक्य जवळजवळ तसंच पाठवलं. उत्तर आलं, 'एक हजार उचला.' तीन शब्द. मला वाटतं हे कौतुक होतं.

आता शेडचं. काल पुन्हा मुंबईहून तसाच मेसेज आला, गाडी लवकर येऊ शकते म्हणून. या वेळी मी पुढे ढकलला नाही. नाखवांचा नंबर आणि गजालीबायच्या आजीचा कान एकत्र करून स्वतः लिहिलं: 'गाडी आज लवकर येईल असं कानावर आलंय. पक्कं नाही. पक्की वेळ अकराला सांगते. तोवर पेट्या भरू नका, फक्त खोकी दुमडून ठेवा आणि बायकांना जेवून घ्यायला सांगा.' अकराला मुंबईला फोन लावला. गाडी नेहमीच्याच वेळेला येणार होती, तेच शेडवर कळवलं. माल सावलीत राहिला.

नाखवा_७७

'पक्की वेळ अकराला सांगते.' हे महत्त्वाचं. पुढचं पत्रक कधी ते कळलं की माणूस मधल्या वेळात उगाच धावपळ करत नाही.

मराठाळलेला

आणि एकही इंग्रजी शब्द नाही! मी सोहेर सोडतो.

तिरफळ

सुपरवायझर काय म्हणाले ते सांगा. आमचा जीव त्यांच्यात अडकलाय.

सुरंगी

एवढं शुद्ध मराठीत, कान वगैरे घालून लिहिलं ना मी? तर दोन मिनिटांत त्यांचं उत्तर आलं:

"ओके म्यॅडम. म्हणजे ह्यो हेड्सअप आसा, पक्का न्हय."

शब्दवेडी

'ह्यो.' पुल्लिंगी. मतदान बंद करा.